मदत हवी आहे : लेकीचं पहिलं बाळंतपण, तारीख ऐन नवतप्यातली

नमस्कार मंडळी,

मोठी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. पस्तिसावा आठवडा लागला, डॉक्टरांनी तारीख दिली आहे २७ मे. नागपूरच्या माणसाला यातला घोर समजावून सांगायला नको. २५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागतो, पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि त्यात घरात दोन दिवसांचं बाळ. आम्ही मानेवाड्याला वरच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी ऊब लागते.

माझं वय ५६. लेक १९९६ ची, तीही उन्हाळ्यातलीच. तेव्हा पहिला चीक जड असतो, बाळाला बाधतो म्हणून आईनं तो पिळून टाकायला लावला. तीन दिवस पोरगी मधाच्या बोटावर आणि साखरेच्या पाण्यावर होती. मला पाणी मोजून, तेही ओवा-शोप घालून उकळलेलं. बाजेखाली शेगडी, खोलीत वावडिंगाची धुरी, खिडक्या बंद. माझ्या आईचा आमच्यावर जीव होता, तिला जे ठाऊक होतं ते तिनं केलं. मलाही तेवढंच ठाऊक आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मला वेगळं बसवून समजावलं. जन्मल्यावर तासाभराच्या आत पाजायला घ्यायचं, चीक वाया घालवायचा नाही, कारण रोगांशी लढणारे घटक त्यातच भरपूर असतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. घुटी नाही, ग्राइपवॉटर नाही, पाणीसुद्धा नाही. मध वर्षाच्या आत नाहीच. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. नाळ कोरडी ठेवायची, तिला तेल-हळद नको. काजळात शिसं असू शकतं. मालीश चालेल, पण हलक्या हातानं, नाकाकानात तेल न सोडता. मधाचं ऐकून तर माझे हातपाय गार पडले, मी दोन्ही मुलांना चाटवला होता.

सगळं पटलं, पण पाण्याचं मन मानत नाही. आपल्याला इथे घडीघडी घसा कोरडा पडतो, आणि त्या एवढ्याशा जिवाला सहा महिने पाणी नाही? मॅडम म्हणतात, आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, मागेल तितक्यांदा पाजा, आणि पाणी बाळंतिणीला द्या. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात ज्यांच्या घरी बाळ झालं त्यांनी कृपा करून सांगा, तुम्ही हे कसं निभावलं? कूलर लावायचा की एसी? कूलरच्या दमटपणानं बाळाला सर्दी होते का? लाइट गेले तर काय?

सिकलसेलबद्दलही लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. आपल्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे ते तुम्ही जाणता. लेकीची ही तपासणी पुण्याला झालीच नव्हती. इथे आल्यावर केली तर ती वाहक निघाली, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही. मग माझी केली, मीही वाहक. तिला ते माझ्याकडूनच गेलं. जावयांचा रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. त्यांचा नॉर्मल आला. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक शक्यता आजाराची असते. एकटी आईच वाहक असेल तर बाळाला हा आजार होत नाही, बाळ वाहक निघण्याची शक्यता मात्र निम्मी. तुमच्याकडे लग्नं ठरत असतील तर पत्रिकेआधी हा रिपोर्ट बघा. पोटात बाळ वाढत असताना पहिल्यांदा कळावी अशी ही गोष्ट नाही.

आता ज्यासाठी मला खरी झोप नाही ते सांगते.

लेकीनं बाळाच्या हालचाली मोजायला एक वही केली आहे. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडते आणि प्रत्येक लाथेला पेन्सिलीनं एक रेघ ओढते. दोन तासांत दहा व्हायला हव्यात असं तिला सांगितलं आहे. मागच्या मंगळवारी दोन तास होऊन गेले तरी रेघा सहाच होत्या. रात्रीचे साडेदहा वाजले होते, आम्ही तशाच रिक्षानं निघालो. पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके बघितले, सगळं ठीक निघालं. आलात ते बरं केलं, कधीही शंका आली की या, असंच डॉक्टर म्हणाल्या. पण त्या रात्रीपासून पोरगी झोपत नाही. तीन वाजता उठून बघावं तर ही गॅलरीत खुर्चीवर, वही मांडीवर. परवा म्हणाली, "आई, सगळं माझ्या भरवशावर आहे आणि मला काहीच येत नाही." मी म्हटलं, "काऊन घाबरून राहिली तू? आम्ही नाही का केलं?" ती वही मिटून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. तिनं मन मोकळं केलं आणि मी दार लावून घेतलं, एवढं मला कळलं. काय बोलायला हवं होतं ते कळत नाही. तिची धास्ती बाळाला बाधेल का, ही भीती आहेच, पण आधी ती माझी लेक आहे.

अनुभव असेल तर लिहा, लहान उत्तरही चालेल.

अपडेट, १६ जून

एवढ्या जणींनी उत्तरं दिलीत, सगळ्यांना वेगळं लिहिणं जमलं नाही, माफ करा.

२४ मेला पहाटे नात झाली, २ किलो ६५०. पाऊण तासात लेकीच्या छातीशी होती. चीक एक थेंब वाया गेला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो आणि त्याच रात्री लाइट गेले. बाळ किरकिर करू लागलं, अंग तापलेलं. थर्मामीटर लावला तर ९९.८. दिवसभरात शू फक्त दोनदा झाली होती. मंडळी, मी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत पाणी घेतलं, साखर घातली, चमचा घेतला. ढवळता ढवळता तुमच्यापैकी एकीचं उत्तर आठवलं: तान्ह्या बाळाला साडेनव्याण्णवच्या वर ताप दिसला तर घरी काही करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि मालकांना गाडी काढायला सांगितलं.

बाळाचं वजन २ किलो ४३० भरलं. पहिल्या दिवसांत शंभरातले सात-आठ भाग वजन उतरतंच म्हणाले, पण इथे दूध पुरेसं पोटात जात नव्हतं आणि उकाड्यानं शरीरातलं पाणी कमी झालं होतं. ती नुसतं बोंडच तोंडात धरत होती. सिस्टरनं शेजारी बसून दाखवलं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला हवा, काळ्या भागाचा बराचसा भाग तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. दोन दिवस पाजून झाल्यावर पिळलेलं दूधही वरून द्यायला सांगितलं. मी कपाटातून माझ्या आईचं चांदीचं बोंडलं काढलं. सिस्टर म्हणाल्या, याच्यासारखं काही नाही, फक्त दर वेळी उकळा. याच बोंडल्यानं आईनं माझ्या लेकीला साखरपाणी पाजलं होतं. बाराव्या दिवशी वजन जन्माइतकं झालं, आता दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात.

कूलरचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. खिडकीला नवी खस लावली, झोत बाळावर नाही, समोरची खिडकी उघडी म्हणजे दमट हवा कोंडत नाही, टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासतो, नाहीतर डेंग्यूचे डास. अंगात पातळ सुती झबलं, टोपी-मोजे नाहीत. कावीळ थोडी दिसली, रक्त तपासलं, उपचाराइतकी नव्हती. शेजारच्या आजी सकाळचं ऊन दाखव म्हणत होत्या. मेमधलं नागपूरचं ऊन, नको म्हटलं. आणि आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंची सून गरोदर आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, त्या दिवशी तिला डागा हॉस्पिटलला पाठवलं. तुमच्याकडेही कुणी असेल तर सांगा.

लेकीचं मात्र सोपं नाही. पहिले दोन आठवडे रडू येतंच, पुढेही राहिलं तर बघा, असं इथे दोघींनी लिहिलं होतं. सोळाव्या दिवशी बाळ झोपलेलं असूनही ही जागी. मी काही न बोलता शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी नसते तर बाळाला बरं झालं असतं." या वेळी मी "असं बोलू नये" म्हटलं नाही. "कधीपासून वाटून राहिलं तुला असं?" विचारलं आणि ऐकत राहिले. तुम्ही दिलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर तिच्यासमोरच रात्री फोन लावला. सकाळी मॅडमकडे गेलो, त्यांनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दूध पाजताना चालते अशी गोळी सुरू आहे, मोजून सात दिवस झाले. आम्ही तिला एकटं ठेवत नाही. जावयांनी सुट्टी वाढवली, रात्री दोन ते पाच बाळ त्यांच्या उघड्या छातीवर असतं, तेवढे तीन तास ती झोपते.

आता पुन्हा मदत मागते. विहीणबाई रविवारी येणार आहेत. प्रेमळ आहेत, पण गोळीचं कळल्यापासून फोनवर एकच म्हणतात, दूध तोडा नाहीतर गोळी तोडा. डॉक्टरांनी दोन्ही चालू ठेवायला सांगितलं आहे. लेक समोर असताना हा विषय निघू नये असं मला वाटतं. आधीच स्टेशनवर आणायला जाऊन बोलू, की त्यांना सरळ डॉक्टरांसमोर बसवू? तुमच्या घरी असं झालं असेल तर रविवारच्या आत सांगा.