मदत हवी आहे: पार्टोग्राफवर (बाळंतपण किती पुढे सरकतंय ते नोंदवायचा आलेखाचा कागद) अलर्ट लाईन ओलांडली की लगेच रेफर करायचं का?

नमस्कार, मी जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतल्याच एका मेटरनिटी होममध्ये लेबर रूमला पोस्टिंग चालू आहे, नाव लिहीत नाही. इथे ओटी (ऑपरेशन थिएटर) नाही, सिझर लागलं तर पेशंट मोठ्या हॉस्पिटलला जातो.

काल एक पहिलटकरीण होती. सकाळी १० ला पीव्ही (आतून तपासणी) केली तेव्हा पिशवीचं तोंड ४ सेंमी उघडलेलं, कळा १० मिनिटांत ३, पस्तीसेक सेकंदांच्या, पाणी क्लिअर, बाळाचे ठोके १४० च्या आसपास. दुपारी २ ला परत बघितलं तर ६ सेंमी. आमचा पार्टोग्राफचा कागद जुना आहे, ४ सेंमीपासून सुरू होतो आणि अलर्ट लाईन तासाला १ सेंमी धरून वर चढते, म्हणजे २ वाजता ८ हवे होते, त्यामुळे फुली सरळ लाईनच्या उजवीकडे पडली. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना फोन केला. बाहेर सासूबाई प्रत्येकाला थांबवून विचारतायत, अडली का हो ती? आणि आत ती बाई कळ आली की खिडकीचा गज धरून उभी राहायची, कळ गेली की पाणी प्यायची आणि परत चालायला लागायची, ठोके एकदम छान.

आता कॉलेजमध्ये शिकवलंय की डब्ल्यूएचओच्या नवीन लेबर केअर गाईडमध्ये अ‍ॅक्टिव्ह फेज (तोंड भरभर उघडायला लागतं तो टप्पा) ५ सेंमीपासून धरतात. मग त्या हिशोबाने ही बाई लेट नाहीच ना? एकच बाई एका कागदावर लेट आणि दुसऱ्यावर वेळेत, मग नातेवाईकांना सांगायचं काय आणि रेफर करायचं कधी? अजून एक, गर्दी असली की इथे बऱ्याचदा डिलिव्हरी झाल्यावर एका बैठकीत सगळा कागद भरला जातो. मला ते पटत नाही, त्याचा त्या बाईला काय उपयोग? तीन-तीन बायका कळांत असताना तुम्ही चालू वेळेत कसं भरता ते प्लीज सांगा.

लेबररूमवाली ताई:
चांगला प्रश्न विचारलास. आधी या लाईनी आल्या कुठून ते बघ म्हणजे अर्धा गोंधळ जाईल. १९७२ मध्ये फिल्पॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात त्या काढल्या, लांबच्या छोट्या दवाखान्यातून बाईला मोठ्या हॉस्पिटलला हलवायला वेळ मिळावा म्हणून अलर्ट आणि अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे उजवीकडची दुसरी लाईन, तिथे पोचली की निर्णय घ्यायचाच) ४ तास ठेवले. म्हणजे अलर्ट ओलांडली याचा अर्थ सिझर नाही, अर्थ असा की आता हिच्याकडे नीट बघा, डॉक्टरांना कळवा, पाठवायची वेळ आली तर तयारी ठेवा. तुझ्या पेशंटची अ‍ॅक्शन लाईन ६ सेंमीला ४ वाजता येते. सिस्टरनी फोन केला तो बरोबरच केला. मानखुर्दहून सायनला यायचं तर १०८ ची गाडी आली तरी पावसात रस्ता किती वेळ खाईल सांगता येत नाही, म्हणून ओटी नसलेल्या ठिकाणी हा विचार लवकरच करावा लागतो.

नवीन गाईड २०२० चं. बऱ्याच बायका ५ सेंमीपर्यंत तासाला १ सेंमीपेक्षा हळू उघडतात आणि तरी नॉर्मल होतात, म्हणून त्यात तिरकी लाईनच नाही. त्यात ५ सेंमीवर ६ तास, ६ वर ५, ७ वर ३, ८ वर अडीच आणि ९ वर २ तास थांबली तर अलर्ट. तुझी बाई त्या अलर्टमध्ये बसत नाही, बरोबर. पण दोन कागद मिसळू नकोस, जिथे काम करतेस तिथला प्रोटोकॉल चालव आणि नवीन कागद कधी येणार ते इन्चार्जना विचार.

भरण्याचं म्हणशील तर कागद टेबलावर नको, बाईच्या कॉटला अडकव. ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाने, कळा पोटावर हात ठेवून पूर्ण १० मिनिटं, आणि हात काढला की तिथेच उभ्याने लिहायचं. पीव्ही ४ तासांनी, गरज पडली तरच आधी.

पीजी रेसिडेंट, परळ:
ताईंना अनुमोदन. फक्त फुलीकडे बघू नका, डोकं किती खाली आलं तो गोल पण भरा. पोटावरून डोकं पाचपैकी अजून किती बोटं हाताला लागतंय ते महत्त्वाचं. कळा कमजोर म्हणून हळू चाललंय हे वेगळं, आणि कळा जोरात, डोकं वरच, मोल्डिंग वाढत +३ म्हणजे बाळाच्या डोक्याची हाडं एकमेकांवर चढून दाबली तरी सरकत नाहीत हे वेगळं, तिथे थांबायचं नाही. ठोके ११० च्या खाली किंवा १६० आणि वर, पाण्यात मिकोनियम (बाळाची शी), तर लाईन ओलांडायची वाट कशाला बघायची.

धागाकर्ती:
खूप थँक्यू ताई आणि सर. तिचं डोकं दुपारी २ ला पोटावरून २/५ होतं, मोल्डिंग नव्हतं, डॉक्टरांनी बघून इथेच ठेवली आणि ४ च्या आधी ९ सेंमी झाली, मग नॉर्मल. अजून एक विचारते, पेशंट आपल्याकडे आलाच ७ सेंमीवर तर जुन्या कागदावर पहिली फुली कुठे मारायची?

लेबररूमवाली ताई:
अलर्ट लाईनवरच, ७ च्या समोर, आणि खाली आल्याची खरी वेळ लिही.