‘सॉरी’ला मराठीत शब्द नाही, असं कोण म्हणतं?

शब्दवेडी:
परवा एका परिचितांनी लिहिलं, "मराठीत सॉरीला शब्द नाही, कारण मराठी माणूस माफी मागतच नाही. शब्द नाही म्हणजे भावनाही नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली होती. मला राहवेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

इंग्रजीत सॉरी हा एकच शब्द सगळीकडे धावतो. चूक झाली, सॉरी. कोणी गेलं, आय अ‍ॅम सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? दुकान बंद आहे, तरी पाटीवर सॉरी. अवस्था केविलवाणी असेल तर ती सॉरी स्टेट. आपण यातल्या प्रत्येक जागी वेगळं बोलतो. ‘चुकलं माझं’, ‘फार वाईट झालं हो’, ‘काय म्हणालात?’ आणि दारी आलेल्याला रित्या हाताने पाठवताना ‘माफ करा बाबा, पुढे जा’. एकाला पाच शब्द असणं ही उणीव कशी?

आता मुळाकडे जा. सॉरी हा जुन्या इंग्रजीतल्या ‘सारिग’वरून आला. त्याचं नातं ‘सोअर’शी, म्हणजे दुखऱ्या, ठणकणाऱ्या जागेशी. ‘सॉरो’ त्याचा सख्खा वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं. म्हणजे आधी अर्थ होता ‘मी दुःखी आहे’, मग झाला ‘मला माफ करा’. आपला दिलगीर बघा. फारसी दिल आणि गीर, मन धरून आलेला, खिन्न. जुन्या मराठीत दिलगीर होणं म्हणजे उदास होणं. आज त्याचाही अर्थ माफीकडे सरकलाय. दोन भाषांतले दोन शब्द एकाच वाटेने चाललेत आणि म्हणे शब्द नाही!

गणूमास्तर:
ताई, व्युत्पत्ती मान्य. पण दिलगीर बोलतं कोण? लोकलच्या फलाटावर, ‘प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’. तिथून तो शब्द बाहेर पडलेला मी ऐकलेला नाही. घरात भांडण झाल्यावर कोणी ‘मी दिलगीर आहे’ म्हणतं का? शब्द कोशात असून भागत नाही, तो तोंडात असावा लागतो. त्या पोस्टवाल्याचं मला अर्धं पटलं.

शब्दवेडी:
म्हणूनच मी ‘चुकलं माझं’ पहिलं लिहिलं, मास्तर. ते तरी तोंडात आहे ना? आणि ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ कुठल्या भाषेत आहे? आमच्या आजोबांच्या प्रत्येक पत्राखाली चू.भू.द्या.घ्या. असायचं. चूक माझी असेल तशी तुझीही असेल, दोघं सांभाळून घेऊ.

गणूमास्तर:
ती माफी नव्हे. चूक व्हायच्या आधीच काढून ठेवलेला विमा आहे तो.

टोरांटोकर:
माझा अनुभव सांगतो. काका गेले तेव्हा मी साताऱ्याला काकूला फोन केला. तोंडून निघालं, "काकू, आय अ‍ॅम सो सॉरी." इतकी वर्षं इथे राहून जिभेला तेच वळण लागलेलं. काकू रडता रडता थांबली नि म्हणाली, "तुझी काय चूक रे बाळा? तू तर तिकडे होतास." मला पुढे एक शब्द सुचला नाही. त्या क्षणी ‘काकू, मी येतो’ एवढंच हवं होतं.

इथे सॉरी किती स्वस्त आहे ते सांगतो. धक्का दुसऱ्याने मारला तरी सॉरी आपण म्हणायचं. आमच्या ओंटारियो प्रांतात २००९ साली त्यासाठी कायदाच झाला. सॉरी म्हटलं म्हणजे दोष कबूल केला असं दिवाणी दाव्यात धरता येत नाही. शब्दाचं वजन उतरवायला कायदा करावा लागला! तेव्हा तो शब्द नाही म्हणून आपण खंत करू नये.

संस्कृतानुरागी:
विषय निघालाच आहे तर मनात फार दिवस सलतंय ते लिहितो. ‘क्षमस्व’ची जी वाट लावली जातेय ती कोणीतरी थांबवा. परवा एका सोसायटीच्या फळ्यावर वाचलं, ‘आम्ही क्षमस्व आहोत’. अहो, क्षमस्व हे क्षम् धातूचं आज्ञार्थी रूप. अर्थ ‘तू क्षमा कर’. म्हणजे त्या फळ्यावर लिहिलंय ‘आम्ही तू क्षमा कर आहोत’. वाचून जीव कळवळतो.

घाटावरचा:
आले! धागा सॉरीचा, हे व्याकरण घेऊन हजर. लोकांना अर्थ कळतो ना? मग झालं. मराठीत येऊन क्षमस्व आता मराठी झालाय. सात पिढ्यांपूर्वीचं रूप कशाला उगाळता?

संस्कृतानुरागी:
सात पिढ्या कशाला? लहानपणी सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी काय म्हणायला लावायचे? ‘विष्णुपत्नि नमस्तुभ्यं पादस्पर्शं क्षमस्व मे’. हे पृथ्वी, पाय लावतोय, क्षमा कर. तिथे म्हणणारा स्वतः ‘क्षमस्व’ आहे का? माझी आई वाकून जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायची आणि मगच उभी राहायची. ज्या शब्दाने ती भुईची माफी मागायची तो असा फरफटत नेलेला मला बघवत नाही. यात पांडित्य दाखवायचं नाहीये.

घाटावरचा:
आईचं सांगितलंत म्हणून जास्त बोलत नाही. पण तुमच्यासारख्यांच्या धाकानेच माणसं मराठी लिहायला बिचकतात आणि सरळ सॉरी लिहून मोकळी होतात. मी आठवी शिकलेला माणूस. फळ्यावर दोन ओळी लिहिताना चार जण चुका काढायला उभे. मग सॉरी बरं नाही का? त्याचं लिंग, वचन, विभक्ती कोणी विचारत नाही.

गणूमास्तर:
हे मात्र बिनतोड.

संस्कृतानुरागी:
मी कोणाला धाक घातला? मला एक दाखवा!

सांगलीची:
भांडू नका. पायावरून आठवलं, चुकून कोणाला पाय लागला तर आपण त्या माणसाला हात लावून नमस्कार करतो. पुस्तकाला लागला तरी. त्या वेळी बोलतं कोण? आपली निम्मी माफी हातात आहे, जिभेवर नाही. ती कोशात कुठून सापडणार?

आणि आम्हा जैनांकडे तर दिवसच राखून ठेवलाय. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणी. घरोघर ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. आमच्या दोन चुलत्यांचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, पण त्या दिवशी थोरले धाकट्यांच्या दारात जायचे, हात जोडायचे, परत यायचे. म्हणे मराठी माणूस माफी मागत नाही!

तटस्थ:
मोठ्या लोकांकडे बघा, म्हणजे शब्दाची किंमत कळेल. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींची मुलं आयांपासून तोडली. १९९९ साली पंतप्रधान हॉवर्ड यांनी संसदेत ‘रिग्रेट’पर्यंत मजल मारली, सॉरी म्हटलं नाही. ते म्हणायला १३ फेब्रुवारी २००८ उजाडला आणि पंतप्रधान रड यावे लागले. जालियनवाला बागेबद्दल २०१९ मध्ये थेरेसा मे यांनीही ब्रिटिश संसदेत खेदच व्यक्त केला, माफी मागितली नाही. टोरांटोकर, इतका स्वस्त असता तर जीभ इतकी अडखळली असती का? आपल्याकडेही ‘दिलगिरी व्यक्त केली’ आणि ‘माफी मागितली’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर. दिलगिरीत चूक कोणाची ते सांगावं लागत नाही.

टोरांटोकर:
बरं, रस्त्यावर स्वस्त, संसदेत महाग. एवढं कबूल.

मधुरा_नाशिक:
मी सहसा लिहीत नाही. शब्दवेडी, तुमचं सगळं पटतं, तरी सॉरीची बाजू घ्यावीशी वाटते.

आमचे बाबा कधीच कोणाची माफी मागत नसत. आईची तर नाहीच. ‘चुकलं माझं’ म्हणजे त्यांना हरल्यासारखं वाटायचं. अडुसष्टाव्या वर्षी एकदा त्यांनी आईची औषधाची डबी कुठेतरी ठेवली आणि ‘तूच हरवलीस’ म्हणून तिच्यावर ओरडले. संध्याकाळी डबी त्यांच्याच कोटाच्या खिशात निघाली. आई पोळ्या लाटत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, डबी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "सॉरी गं." आईचं लाटणं थांबलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पुढची पोळी तिने त्यांच्या ताटात वाढली, गरम, तूप लावून. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मराठीतला कुठलाही शब्द त्यांना पेलला नसता. सॉरी परका होता, हलका होता, म्हणून उचलता आला.

शब्दवेडी:
मधुरा, याला माझ्याकडे उत्तर नाही. शब्द आहे, हे मी अजूनही म्हणेन. पण तो जड आहे, हे मान्य करते. मनापासून नाही, नाइलाजाने.

घाटावरचा:
संस्कृतवाले काका, तो फळा कुठल्या सोसायटीतला? पाणी बंद असल्याची सूचना होती का? तसा एक मीच लिहिला होता. उद्या पुसून काय लिहू ते सांगा. सॉरी लिहिणार नाही.

संस्कृतानुरागी:
‘गैरसोयीबद्दल क्षमा असावी.’ आणि दादा, मी जोरात बोललो. चुकलं माझं.