सायकल सोडू नका, ताट वाढवा

‘रोज सायकलनं ऑफिसला गेलं की व्यायाम करूनही मांड्या भरत नाहीत’ हे म्हणणं अर्धंच पटतं. अडचण बहुतेक वेळा ताटात असते. इंदूरमध्ये राजेंद्रनगर ते विजयनगर जाऊन-येऊन 25 किलोमीटर धरा. 70 किलोच्या माणसाच्या त्यात 600-700 कॅलरी जातात. तेवढं वरचं खाणं झालं नाही तर स्क्वॉट (बैठका) कितीही मारा, वजन वाढणार नाही. सकाळच्या पोहे-जिलबीनं कॅलरी भरतात, प्रथिनं नाहीत. वजनाच्या किलोमागे रोज 1.6 ग्रॅम, म्हणजे 112 ग्रॅम प्रथिनं हवीत. 50 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात. वजन रोज सकाळी घ्या, पण आठवड्याची सरासरी बघा. ती 200 ग्रॅमनंही वाढली नाही तर रोजच्या खाण्यात 200 कॅलरी वाढवा.

पायांचा व्यायाम संध्याकाळी, सकाळच्या सायकलनंतर सहा तास सोडून. परतताना हलका गिअर, पॅडलचे मिनिटाला 80-90 फेरे. जड गिअरवर पूल चढणं म्हणजे वजन उचलणं नव्हे, त्यानं थकलेले गुडघेच दुखतात. आणि सीट तपासा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट खालीच असते.