सैन्यातून निवृत्ती, इंदूरमध्ये घर: सुरुवात कुठून?

राजवाडा_रहिवासी: भाऊजी तीन महिन्यांनी हवालदार म्हणून निवृत्त होतायत. त्यांची आई सोबत राहणार. घर आणि औषधोपचार, आधी काय बघावं?

महूकर: आधी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, तपासा. पत्नीचं नाव एका कागदावर 'सुनीता', आधारवर 'सुनिता', एवढ्यावरही ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा अर्ज अडकतो. युनिटमध्ये असतानाच नावदुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश) काढून घ्या. नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. आईंचं मासिक उत्पन्न सगळं धरून 9,000 रुपये अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं, तरच त्या ईसीएचएससाठी अवलंबित.

जुनी_इंदूर: पॅनलबाहेरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार नसलेल्या, दवाखान्यात तातडीनं न्यावं लागलं, तर 48 तासांत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवा. हे राहिलं की बिलाची परतफेड लोंबकळते.

महूकर: हो, आणि एरवी आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल, मगच पॅनलचा दवाखाना.

नकाशेवाला: घराचं सांगतो. पेन्शन निम्म्यापर्यंत विकता येते, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी घेता येतात, पण ती पूर्ववत व्हायला 15 वर्षं. बँक हप्ता उरलेल्या पेन्शनवर मोजते, म्हणून आकडा आधी काढा. शहराबाहेर प्लॉट स्वस्त दिसतो. डायव्हर्शन (शेतजमीन घरासाठी वापरायची नोंद), नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याचा मंजूर नकाशा आणि रेरा (गृहप्रकल्प नोंदणी) क्रमांक, तिन्ही हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. नुसत्या नोटरी केलेल्या करारावर तर मुळीच नाही.

राजवाडा_रहिवासी: आजच पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून बघतो.