मदत हवी आहे: पंचांवर ओरडणाऱ्या ज्येष्ठ प्रशिक्षकांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीत मुलींच्या कबड्डी संघाला शिकवायला मी मदत करते. आमचे मुख्य सर वयाने, अनुभवाने माझ्यापेक्षा खूप मोठे. पकडीतला त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि घरची परवानगी नसलेल्या कितीतरी मुलींना त्यांनी स्वतः दारात जाऊन मैदानावर आणलंय. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

सामना सुरू झाला की सर पंचांवर तुटून पडतात. "डोळे मिटून शिट्टी मारता का?" हे तर नेहमीचंच. परवा एका तरुण पंचताईंनी आमचा बोनस (चढाईतला जादा गुण) नाकारला, तेव्हा सर सगळ्यांसमोर त्यांच्या अंगावर धावून गेले. त्या निर्णयावर ठाम राहिल्या. पुढच्याच चढाईनंतर आमच्या कर्णधार मुलीने त्यांना हातवारे केले आणि हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, घेतलं. मला त्या मुलीपेक्षा सरांचा राग आला. ती हे कुठून शिकली?

बोनसचंच घ्या. समोर सहा किंवा जास्त बचावपटू हवेत, एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर. आपला बाक अंतिम रेषेच्या मागे आणि बोनस रेषा समोरच्या अर्ध्यात, म्हणजे जवळजवळ १२ मीटरवर. तिथून मागचा पाय उचललाय की टेकलाय हे खरंच कळतं का? पंच बाजूला उभे असतात, त्यांना जास्त स्पष्ट दिसतं. चूक त्यांचीही होते, पण जिल्ह्याच्या सामन्यांत टीव्हीवरच्यासारखा रिव्ह्यू नसतो. दिलेला निर्णय घेऊन पुढे खेळायचं, एवढंच हातात उरतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की शंका असेल तर कर्णधाराने जाऊन शांतपणे विचारावं, प्रशिक्षकाने बाक सोडू नये. फार तर टाइमआउट घ्यावा, ३० सेकंदांत मुलींना सावरता येतं. फुटबॉलमध्ये तर २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवतात. शिवाय, पंचगिरीकडे वळणाऱ्या मुली आधीच कमी. त्यांना असं वागवलं तर उद्या आमच्याच खेळाडूंपैकी कोण शिट्टी हातात घेईल?

प्रश्न असे:

सरांना हे एकट्यात सांगू की मंडळाच्या अध्यक्षांमार्फत? अध्यक्षांकडे गेले तर सरांना पाठीत वार केल्यासारखं वाटेल, ही भीती आहे.

पालकांची बैठक घेऊन 'मैदानावर कसं वागायचं' याचे लेखी नियम कुणी केलेत का? ते प्रशिक्षकांनाही लागू केले का?

आणि त्या पंचताईंची माफी मागायला कर्णधाराला घेऊन जावं असं वाटतं. सरांना न विचारता नेलं तर चालेल का?

पुढच्या रविवारी सातपूरला सामने आहेत. त्याआधी सरांशी बोलायचंच आहे, त्यामुळे ज्यांनी स्वतः पंच म्हणून काम केलंय त्यांनी जरूर लिहा.