युफ्रेटिसचे धरणग्रस्त कुर्दांच्या वावरात कसे पोचले?

अभ्यासिका पवनी
नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्यात तुर्कस्तानातून निघून सिरिया आणि मग इराकमध्ये जाणाऱ्या युफ्रेटिस नदीवर चर्चा ठेवली आहे. येणाऱ्यांत गोसीखुर्द धरणाच्या बुडितातली बरीच पोरं आहेत, त्यामुळे संपादन, मोबदला, नवं गावठाण हे काही समजावून सांगावं लागणार नाही. अडतंय ते पुढे. १९७५ मध्ये सिरियात आणि इराकमध्ये बाथ पक्षाचंच राज्य होतं, दोघंही सारे अरब एक म्हणणारे. मग पाण्यावरून सैन्य एकमेकांच्या सीमेवर कसं गेलं? सिरियाच्या धरणातले अरब विस्थापित थेट कुर्दांच्या भागात का बसवले? आणि तुर्कस्तानने सिरियाला सोडायचे कबूल केलेले ते ५०० क्युमेक म्हणजे किती पाणी, हे कोणी आपल्या हिशेबात सांगेल का?

पाटचारी
आधी हिशेब. ५०० क्युमेक म्हणजे सेकंदाला ५०० घनमीटर, दिवसाला ४३.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). गोसीखुर्दचा एकूण साठा ११४६ दलघमी धरला तर रिकामं धरण साधारण साडेसव्वीस दिवसांत भरेल. वर्षाचे होतात सुमारे १५,७७० दलघमी, म्हणजे नदीच्या नैसर्गिक सरासरी प्रवाहाच्या निम्म्याच्या आसपास. तुर्कस्तानच्या एकट्या अतातुर्क धरणात ४८,७०० दलघमी मावतं. हा आकडा फळ्यावर लिहाच. वरच्याच्या हातात काय ताकद आहे ते त्यावरून कळतं.

खरी गोम तुर्कस्तान आणि सिरियाच्या १९८७ च्या कराराच्या शब्दांत आहे. ५०० ही वार्षिक सरासरी आहे. एखाद्या महिन्यात पाणी कमी पडलं तर पुढच्या महिन्यात भरून द्यायचं. कागदावर हे न्यायाचं दिसतं, पण ऐन फुलोऱ्यात पाणी चुकलं तर महिन्यानंतरच्या पाण्याचा कापसाला काय उपयोग, हे आपल्याकडच्या कोणत्याही ओलिताच्या कास्तकाराला विचारा. अतातुर्क भरताना तेच झालं. १३ जानेवारी १९९० पासून महिनाभर नदी अडवली. तुर्कस्तानचं म्हणणं, आम्ही नोव्हेंबरपासून जादा विसर्ग करून सरासरी आधीच राखली होती. सिरिया आणि इराकने जोरदार निषेध केला.

सीमेवर जे येईल त्यातलं ४२ टक्के सिरियाचं आणि ५८ टक्के इराकचं, हे या दोघांचं आपसांतलं वाटप. ५०० पैकी २९० क्युमेक इराकला. तिन्ही देशांचा मिळून कायमचा वाटप करार मात्र कधी झालाच नाही. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय नद्यांचा करार मतदानाला आला, तेव्हा विरोधात तीनच मतं पडली: तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी.

१९७५ चं कारण साधं आहे. तुर्कस्तानचं केबान आणि सिरियाचं तबका, दोन्ही धरणं एकाच सुमारास भरायला घेतली आणि इराककडे पाणी आटलं. वरून जोड मिळाली ती राजकीय वैराची. बाथ पक्ष १९६६ मध्येच फुटला होता. संस्थापकांपैकी मिशेल अफ्लाक पुढे बगदादच्या गटाकडे गेले. खरे अरब राष्ट्रवादी कोण, यावर दमास्कस आणि बगदाद एकमेकांचे हाडवैरी झाले होते, त्यामुळे पाण्याची तक्रार लगेच गद्दारीच्या आरोपापर्यंत पोचली. सिरियाने इराकी विमानांना आपलं आकाश बंद केलं, सैन्य हललं. शेवटी सौदीने मध्यस्थी केली. एक वंश, एक भाषा, एकच पक्ष असूनही पाणी वाटता आलं नाही.

काळी माती
पुनर्वसनाचं मी सांगते, कारण ते नेहमी अर्धवट सांगितलं जातं. गोष्ट धरणापासून सुरू करू नका, ५ ऑक्टोबर १९६२ पासून करा. त्या एका दिवसात सिरियाच्या ईशान्येकडच्या, कुर्दांची मोठी वस्ती असलेल्या हसाका प्रांतात खास जनगणना झाली. १९४५ पूर्वीपासून इथे राहत असल्याचा पुरावा ज्याच्याकडे नाही, तो परका. सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्व गेलं. काहींना ‘अजानिब’, म्हणजे परके, म्हणून लाल ओळखपत्र मिळालं. काहींना तेही नाही, ते ‘मक्तूमीन’, म्हणजे कुठल्याच नोंदीत नसलेले. अजानिब माणसाच्या नावावर जमीन चढत नव्हती, सरकारी नोकरी मिळत नव्हती. एकाच घरात एक भाऊ नागरिक आणि दुसरा परका, असंही झालं.

कागद गेला की जमिनीवरचा हक्क आपोआप सुटतो. तुर्कस्तानच्या सीमेलगत १० ते १५ किलोमीटर रुंदीचा ‘अरब पट्टा’ वसवायची योजना त्याआधारेच पुढे सरकली. जमीन सुधारणेत जमीनदारांकडून काढलेली वावरं तिथे होती, पण ती कसणाऱ्या कुर्दांना ती मिळाली नाही. तबका धरणामागच्या असद सरोवरात गावं बुडाली, तेव्हा तिथल्या सुमारे ४००० अरब कुटुंबांना आणून ४१ नव्या गावांत बसवलं. १९७६ मध्ये योजना थांबवली, पण वसलेली गावं तिथेच राहिली.

चर्चेत एक चूक टाळा. या अरब कुटुंबांना आक्रमक म्हणून रंगवू नका. ते बहुतेक वल्दा टोळीचे, नदीकाठचे शेतकरी. लोक त्यांना ‘मग्मूरीन’, बुडालेले, म्हणत. त्यांची ओलिताची गाळपेर जमीन पाण्याखाली गेली, आणि अनेकांनी तर हलायला नकार देऊन तळ्याच्या वरच्या काठावरच घरं बांधली. सरकारने एका प्रकल्पग्रस्ताला दुसऱ्या भूमिहीनाच्या शेजारी, तो कसत आलेल्या जमिनीवर नेऊन बसवलं, आणि भांडण मात्र अरब विरुद्ध कुर्द असं झालं. अजानिबांना नागरिकत्व परत देणारा हुकूम एप्रिल २०११ मध्ये निघाला, तोही देशात उठाव सुरू झाल्यावर. मक्तूमीन त्यातूनही वगळले गेले.

अभ्यासिका पवनी
ताई, पाटचारी भाऊ, दोघांचे आभार. आमच्याकडे एक मत असं की सिरियातली २०११ ची लढाई दुष्काळामुळेच पेटली. हे मांडावं का?

पाटचारी
तसं सरळ मांडू नका. २००६ ते २०१० ईशान्य सिरियात मोठा दुष्काळ होता, हे खरं. पण तिथला पाऊस हिवाळी. गहू त्यावर निघतो, पऱ्हाटी मात्र उन्हाळ्यात, पूर्ण ओलितावर. म्हणजे आपल्यासारखी कोरडवाहू कपाशी तिथे शक्यच नाही. सगळा भार डिझेल पंपांवर, आणि विहिरी वर्षानुवर्षं उपसून पाणी खोल गेलेलं. त्यात मे २००८ मध्ये सरकारने अनुदान कापलं. डिझेल लिटरला ७ सिरियन पौंडांचं २५ झालं. पाऊस नाही म्हणून गहू गेला, डिझेल परवडेना म्हणून कापूस गेला. उठाव मात्र पेटला देशाच्या दुसऱ्या टोकाला, दरआ शहरात, भिंतीवर लिहिणाऱ्या पोरांना पोलिसांनी छळलं त्यावरून.

काळी माती
अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर अलूक पाणीपुरवठा केंद्र घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या रास अल-ऐन शहराचा भाग तुर्की सैन्य आणि त्यांच्या सोबतच्या सिरियन गटांकडे गेला, त्यात अलूकच्या विहिरीही गेल्या. पंपांना लागणारी वीज मात्र कुर्द प्रशासनाच्या भागातून यायची. वीज कमी दिली म्हणून पाणी बंद, पाणी बंद म्हणून वीज बंद, आणि आरोप एकमेकांवर. सुमारे ४ लाख ६० हजार लोकांचं पाणी या एका केंद्रावर होतं. हसाका शहर टँकरवर आलं. तिथे घरोघरी बोअर मारून भागत नाही, कारण भूजल खारं आहे. त्या रांगांमध्ये कुर्द, अरब आणि अश्शुरी ख्रिस्ती एकत्रच उभे होते.