मदत हवी आहे: कनकदासांचं ‘नळचरित्रे’ कसं वाचावं?

नमस्कार मंडळी. कन्नड संतकवी कनकदास आपल्याला माहीत असतात ते उडुपीच्या कृष्णाचे भक्त म्हणून. पण १६व्या शतकात त्यांनी नल-दमयंतीची प्रेमकथाही रचली, तीही भामिनी षट्पदी या सहा ओळींच्या कन्नड छंदात, आणि मला ती मुळातूनच वाचायची आहे. कन्नड लिपी येते, पण मध्ययुगीन कन्नड अडते. ३-४-३-४ मात्रांची चाल जमते, मात्र तिसरी आणि सहावी ओळ लांब; तिथे श्वास कुठे घ्यायचा?

हंस दमयंतीला भेटतो तो भाग गमक पद्धतीने (म्हणजे काव्य सुरात वाचण्याच्या कन्नड पद्धतीने) गायलेला, सोबत अर्थ उलगडून सांगितलेला, कुठे ऐकायला मिळेल? रघुनाथ पंडितांच्या मराठी नल-दमयंती आख्यानातला हंस आणि हा हंस कुणी ताडून पाहिलाय का? बेळगाव-सोलापूरकडच्या जाणकारांनी जरूर लिहावं.